खिडकीबाहेरचा पाटील

भगवानराव पाटलांच्या उजव्या घोट्याजवळ नारू निघाला तेव्हा जत्रेला चौदा दिवस उरले होते. पाटील सकाळपासून रेणुकाबाईंशी भांडत होते, कारण नारूशी भांडता येत नव्हतं.

"मी बोंबलून सांगत होती, बारवेत पाय घालून बसू नोका," रेणुकाबाई म्हणाल्या.

"आग होऊन राह्यली पायाची. थंड पाण्यात नाई तं का चुलीत घालू?"

"सारं गाव पेते ते पाणी."

"पिऊ दे. पाटलाच्या पायाचं पाणी हाय, कोण्या ऐऱ्यागैऱ्याचं नाई."

हे वाक्य पाटील विसरले. बारव विसरली नाही.

आमचं लिंबगाव भैंशापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर. वर निजाम सरकार, खाली पाटील, आणि त्याच्याही खाली, म्हणजे कातडीच्या आत, नारू. सुताएवढा पांढरा किडा, हातभर लांब. चैत्रात बारवेचं पाणी तळाला गेलं की गावातल्या दहा-पाच पायांतून तो तोंड बाहेर काढायचा. घाई करून ओढला तर तुटायचा, आणि तुटला की पाय सुजून कायमचा वाकडा. काडीवर रोज दोन बोटं गुंडाळत बसायचं, एवढाच उपाय. पण आमच्या गावात दोन बोटांवर थांबेल असा माणूस नव्हता.

आणि पाटलांना पाय सरळच हवा होता. जत्रेत मानाची काठी पाटलानं उचलायची, वेशीपासून महादेवाच्या देवळापर्यंत अनवाणी न्यायची आणि देवळाला पाच फेरे घालायचे. पाटील चालू शकला नाही तर काठी भावकीत जाते, आणि एकदा गेलेली काठी परत येत नाही. भावकी म्हणजे चुलतभाऊ सुधाकरराव. ते रोज तब्येत विचारायला यायचे.

"दादा, सूज वाढली वाटते," ते आनंदानं म्हणायचे. घरी गेले की अंगणात बांबू खांद्यावर घेऊन फेरे मारायचे. विचारलं तर सांगायचे, बांबू वाळवून राह्यलो.

न तोडता नारू काढणारा एकच माणूस पंचक्रोशीत होता, धोंडीबा. राहायचा गावाबाहेरच्या वस्तीत. तरुणपणी त्याचा पाय सडला, तेव्हा कुणीतरी त्याला गाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात टाकून आलं. तीन वर्षांनी तो दोन धड पाय, एक तांब्याचं पातेलं आणि नवा देव घेऊन परत आला. तेव्हापासून वस्तीतले पाय धुवायचा, जखमा बांधायचा, नारू काढायचा. गावातल्यांचेही काढले असते, पण गावातल्यांना नारूपेक्षा शिवाशिव जास्त दुखायची.

तोड रेणुकाबाईंनी काढली.

"त्याले घरात घ्याचं काम नाई. अन् तुमाले बी बाहेर जाचं काम नाई. तुमी खिडकीजवळ खाटेवर पडा, पाय बाहेर काढा. पाय काई पाटील नव्हे."

पाटलांनी जोशीबुवांना बोलावून घेतलं. जोशीबुवांनी पंचांग उघडलं, मिटलं, आणि डोळेही मिटले.

"घराची हद्द उंबऱ्यावरून ठरते. खिडकीला उंबरा नसतो. तेव्हा जो अवयव खिडकीबाहेर, तो तेवढ्या वेळापुरता घरधन्याचा नव्हे. आत घेताना गोमूत्र शिंपडा, म्हणजे पुन्हा तुमचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलाच्या खिडकीतून पाय बाहेर आला. गल्लीत त्याच्याखाली एक टोपलं पालथं घातलेलं होतं. धोंडीबा मातीत बसला, कडुलिंबाचं कोमट पाणी ओतलं आणि पाय धुवायला लागला. गल्लीतून जाणारे मुकाट जायचे. रामराम करावा तर कोणाला, पायाला?

"धोंड्या," भिंतीआडून आवाज आला, "मले बाटवशील तं नाई ना?"

"पायाले बाटवून काय करू जी?"

"मंग पाह्यजे काय तुले?"

"एकच. बारवेत पाय घालू नोका. डाक्तर म्हणे, नारू पायातून पाण्यात जाते, पाण्यातून पोटात, अन् वर्षानं पुन्हा पायात."

टोपल्यावरचा पाय जरा आखडला.

रोज दोन बोटं नारू गुंडाळला जात होता. चौथ्या दिवसापर्यंत गावात आणखी सहा खिडक्यांतून पाय निघाले. ज्यांच्या घराला खिडकी नव्हती त्यांनी भिंतीला भोक पाडलं. धोंडीबा पातेलं घेऊन पायापायापुढं बसत जायचा. पाय कोणाचा, हे त्यानं कधी विचारलं नाही. खरं तर सगळे त्याला ठाऊक होते.

सहाव्या दिवशी पाटलांना राहवलं नाही.

"तुले याच्यात काई भेटत नाई. मंग काऊन करतं?"

"दवाखान्यात एका गुरुवारी मोठा डाक्तर गुडघ्यावर बसला अन् आमा बारा रोग्यांचे पाय धुतले. माझा तं सडलेला. मी म्हटलं, मालक, हे काय करून राह्यले? तो म्हणला, आमच्या धन्यानं बी असंच केलं होतं. मरायच्या आदल्या दिवशी जेवता जेवता उठला, कमरेले पंचा बांधला अन् चेल्यांचे पाय धुवाले बसला."

"धनी होता का गडी?"

"धनीच जी."

"अन् चेल्यांनी धुऊ देल्ले?"

"एक होता पेत्र. तो म्हणला, जमणार नाई, माझे पाय तुमी कधीच धुवाचे नाई."

"बरोबर बोलला."

"धनी म्हणला, मंग तुझा माझा संबंध सरला. तं पेत्र म्हणे, असं असंल तं नुसते पाय काऊन, हात बी धुवा अन् डोस्कं बी धुवा."

आत खाट करकरली. पाटील हसत होते. बाहेर पाय तेवढा हलत होता.

"हा पेत्र आपल्याच इकडचा दिसते. मंग?"

"मंग धनी म्हणला, मी तुमचे धुतले, आता तुमी एकमेकाचे धुवा."

"एकमेकाचे? म्हणजे आलटून पालटून?"

"तसंच जी."

पाटलांनी बराच विचार केला.

"तेवढं सोडलं तं गोष्ट चांगली हाय," ते म्हणाले.

अकराव्या दिवशी नारूचं शेपूट बाहेर आलं. सुधाकररावांचा बांबू तोवर चांगला वाळला होता. त्यांनी तालुक्याच्या कचेरीत दरख्वास्त दिली, की पाटलाचा उजवा पाय किरिस्ताव झाला आहे, सबब काठीचा मान खारीज करावा. तहसीलदारसाहेबांनी ती दोनदा वाचली, पेशकाराला वाचायला दिली, आणि शेरा मारला, "पाँव का मज़हब दफ़्तर में दर्ज नहीं होता."

पाटलांनी काठी उचलली. पाच फेरे घातले. सुधाकररावांच्या अंगणापुढून जाताना उगाच एक गिरकीही घेतली. धोंडीबा दूर चिंचेखाली उभा राहून फक्त घोटा बघत होता.

पुढल्या चैत्रात गावात अकरा नारू निघाले. त्यातला अकरावा धोंडीबाचा, आणि तो निघाला पोटरीच्या मागं, जिथं आपला हात धड पोचत नाही आणि डोळा तर मुळीच नाही. तरी धोंडीबा पाय ओढत दहा खिडक्यांपुढं बसून यायचा आणि मग फुटका आरसा मांडीशी धरून स्वतःचा काढायला बघायचा. वस्तीतल्या एकानं मदतीला म्हणून झटका दिला, तेव्हा नारू तुटता तुटता राहिला.

रेणुकाबाईंनी त्याला लंगडताना दारातून पाहिलं. जेवणावर बसलेल्या पाटलांना म्हणाल्या, "धोंडीबाचा नारू आपला हाय."

"आपला कसा?"

"बारवेत पाय कोणाचा होता? वरीस कधी झालं? तुमच्याच नारूचं लेकरू ते."

पाटलांनी घास ताटात ठेवला. वस्तीतल्यांना बारवेत उतरायची बंदी होती. वरून कुणी ओतलं तर त्यांचं मडकं भरायचं. पाटलांचा पाय ज्या पाण्यात डुंबायचा, त्यात धोंडीबाची सावली पडलेली चालत नव्हती. नारू मात्र कोणाला न विचारता बरोबर पोचला होता.

"त्याचा पाय गेला तं?" पाटील म्हणाले.

"तं दहा पाय संगं जातील. काढणार कोण?"

पाटलांनी निरोप धाडला, "उद्या सकाळी खिडकीपाशी ये." धोंडीबा पातेलं घेऊन आला.

"पाय दुखते काय जी?"

"माझा नाई. तुझा ठेव टोपल्यावर."

जोशीबुवांना आधीच विचारून झालं होतं. पायाचा नियम हातांनाही लागू, असं त्यांनी सांगितलं होतं, आणि आता गंमत बघायला ते गल्लीत उभे होते. सुधाकररावही होते.

धोंडीबा मागं सरकला. "नाई जी. तुमी माझा पाय धुवाचा? हे काई जमणार नाई."

"मंग तुझा माझा संबंध सरला," खिडकी म्हणाली.

धोंडीबानं पातेलं खिडकीखाली ठेवलं. मग पालथं पडून पाय टोपल्यावर ठेवला.

खिडकीतून दोन हात बाहेर आले. मनगटात पाटलांचं चांदीचं कडं होतं, तरी हात कोणाचे हे गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं. हातांनी पातेलं चाचपलं आणि पहिलं पाणी जोशीबुवांच्या धोतरावर ओतलं. दुसरं बरोबर पडलं. मग ते हात मन लावून धुवायला लागले, बराच वेळ, बोटाबोटाच्या खाचेत.

"पाटील," धोंडीबा खालून म्हणाला, "ते टोपलं हाय जी."

आत काहीतरी पुटपुटणं झालं. मग हातांच्या मागोमाग पाटलांचं डोकं बाहेर आलं.

"डोक्याचं विचारलं नव्हतं," जोशीबुवा धोतर पिळत म्हणाले.

"पेत्रानं इचारलं होतं," डोकं म्हणालं.

आता नारू दिसत होता, पण हात पुरत नव्हता. पाटील आणखी सरकले. खांदे आले, पोटाचा वरचा भाग आला. मग पाटील थांबले. पुढं होईनात, मागंही होईनात.

"अडकलो वाटते," ते साधेपणानं म्हणाले.

सुधाकरराव धावले आणि त्यांनी दोन्ही हात धरून असा हिसका दिला, की पाटलांच्या तोंडून महादेवाचं नाव निघालं.

"ओढू नोका मालक," धोंडीबा पालथ्याचा उठून बसला. "तुटंल. आधी कोमट पाणी टाका. मंग थोडं थोडं."

मग धोंडीबानं सांगायचं आणि गावानं करायचं, असं सुरू झालं. रेणुकाबाई आतून ढकलत होत्या. बाहेरून सुधाकरराव दोन बोटं ओढायचे, थांबायचे, पाणी टाकायचे. बाकीच्या खिडक्यांतले पाय आत गेले आणि त्या जागी डोकी आली. उन्हं डोक्यावर आली तेव्हा पाटील सगळेच्या सगळे निघाले आणि गल्लीतल्या चिखलात धोंडीबाशेजारी पडले.

जोशीबुवा घसा खाकरू लागले. पायाचं ठरलं होतं, हातांचं ठरलं होतं, पण आख्खा पाटील बाहेर, ह्याला नियम नव्हता.

पाटलांनी बसल्या बसल्या विचारलं, "जोशीबुवा, आत माझं काई उरलं काय?"

जोशीबुवांनी खिडकीतून डोकावून पाहिलं. आत रेणुकाबाई कमरेवर हात देऊन दम घेत होत्या.

"नाही," ते म्हणाले.

"मंग आता इचारू कोणाले?"

पाटलांनी धोंडीबाचा पाय उचलून मांडीवर घेतला, पुन्हा पाणी ओतलं, आणि काडी हातात घेतली.

"सांग धोंडीबा, किती गुंडाळू?"

"दोन बोटं जी. जास्त नाई."

नारू त्या दिवशी दोन बोटंच निघाला. पाटील मात्र पुरते निघाले होते.