परतीसाठी भरलेली पेटी

मित्रांनो, जरा जवळ या. मी सागवानी पेटी आहे, वयाने जुनी आणि बिजागरीने कुरकुरी. माझे झाकण उघडले की अजूनही खोबरेल तेलाचा वास येतो. अलिबागेकडच्या एका तेलघाण्याच्या पडवीचे दार मोडून सुताराने मला घडवले. तो घाणा इस्राएल लोकांचा, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचा, होता. शनिवारी धर्माप्रमाणे ते घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. फार पूर्वी जहाज फुटून आपले पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला लागले, असे घरातली माणसे सांगत. ती गोष्ट ऐकताना मला वाटे, आपणही कुठूनतरी तरंगतच आलो आहोत.

त्या घरातले आरोनराव झिराडकर नोकरीसाठी घाट चढून आले. निरेच्या कालव्यावर पाणी मोजण्याचे काम त्यांना मिळाले आणि बारामतीत बिऱ्हाड झाले. पत्नी वारलेली, मूलबाळ नाही. सोबत म्हातारी आई, मलकाबाई, आणि मी. शुक्रवारी संध्याकाळी मलकाबाई दिवा लावीत, तेव्हा त्याचा उजेड माझ्या पितळी कडीवर येऊन बसे. ते माझे सुखाचे दिवस होते.

१९३३ च्या हिवाळ्यात मुंबईहून एक पाहुणा आला. तोही त्यांच्याच धर्माचा. जेवण झाल्यावर तो म्हणाला, "आपण जगभर पांगणार हे संदेष्ट्यांनी आधीच सांगितलं होतं. तसंच झालं. पुन्हा आपल्या पूर्वजांच्या देशात गोळा होणार, हेही त्यांनीच सांगितलंय. ते आता सुरू झालंय, आरोनराव. तिथं पाण्याची कामं जाणणारी माणसं हवी आहेत."

मलकाबाई म्हणाल्या, "पांगवलं देवानं, गोळाही तोच करील. तिकीट काढून भाकीत पुरं होत नसतं."

"आई, देव काय हात धरून न्यायला येणार आहे?" आरोनराव म्हणाले. "माणसं उठली तरच होईल ना ते?"

पाहुणा गेला, पण वाद घरात राहिला. आरोनरावांनी तिकडे जाण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला आणि मला भरायला घेतले. सकाळी ते लोकरी कोट आत ठेवीत. ते कालव्यावर गेले की मलकाबाई तो काढून खुंटीला टांगीत. किती महिने मी अशी भरत आणि रिती होत होते!

उन्हाळा लागला. सांगवीचे महिपती नावाचे शेतकरी उसाच्या पाण्याची पाळी विचारायला आले, तेव्हा मी उघडी होते.

"कुठं निघाला, सायेब?"

"गावी."

"कोकणात?"

"नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गावी."

महिपतीराव हसले नाहीत. म्हणाले, "आमचं बी एक गाव हाय. वरच्या धरणात बुडालंय, आठ वर्सं झाली. कोण कुठं, कोण कुठं पांगलं. ह्या दिसांत पाणी वसरलं की आमी जातो. आईसायबांना घिऊन तुमी बी चला की."

असे आम्ही लॉरीतून निघालो. माझ्यात भाकऱ्या, चटणी आणि पाण्याचे तांबे होते.

मित्रांनो, तो दिवस मला स्वप्नासारखा आठवतो. पाणी मागे सरले होते आणि चिखलातून एक अख्खे गाव वर आले होते. भिंती नव्हत्या, जोती होती. झाडांचे काळे बुंधे उभे होते. गावची माणसे आता नसलेल्या गल्ल्यांतून जात होती, वळण आले की वळत होती. महिपतीरावांच्या आईने, सारजाबाईंनी, आपल्या घराचा उंबरा शोधला, तांब्याभर पाण्याने धुतला, कुंकू लावले आणि त्या तिथेच बसल्या. मलकाबाई शेजारी टेकल्या.

"आल्यावर कसं वाटतंय, सारजाबाई?"

"म्हायेराला आल्यावानी." मग उंबऱ्यावरून हात फिरवीत त्या म्हणाल्या, "पर ऱ्हावं कुठं? आता हितं मासळीचं घर हाय." मग त्यांनी आरोनरावांकडे पाहिले. "तुमच्या त्या गावात आता कोन ऱ्हातं?"

"आहेत लोक. शेती करतात."

"मंग त्यास्नी काय सांगनार तुमी?"

आरोनराव उठले आणि रिकामे तांबे माझ्यात भरू लागले.

त्यानंतर काही महिन्यांनी परवाना आला. त्या दिवशी मलकाबाईंनी स्वतःच्या हाताने कोट माझ्यात ठेवला.

"वचनावर माझा विश्वास आहे, आरोन. ते आत्ताच पुरं होतंय का, हे मला ठाऊक नाही. तुलाही नाही. तुझं मन तिथं आहे, तर जा. पण सारजाबाईनं विचारलं ते विसरू नकोस."

"आणि तू?"

"मी इथंच बरी. सारजाबाई येऊन जाऊन असेल."

पण निघायच्या दिवशी मी जड ठरले. सामान पत्र्याच्या ट्रंकेत गेले आणि मी कोपऱ्यात राहिले. माझ्यावर धूळ साचली, पाठीमागून वाळवी लागली. खोटे का बोलू, मी रुसले होते.

वर्षभराने पत्र आले. मलकाबाईंनी ते सारजाबाईंना वाचून दाखवले. "आई, इथे संत्र्यांच्या बागांना पाट काढतो. काही म्हणतात भाकीत पुरे झाले, काही म्हणतात अजून वाट पाहा. दोघे एकाच पंगतीत जेवतात. हिंदुस्थानातला म्हणून मला सगळे 'हिंदी' म्हणतात. विहिरीपलीकडे एक म्हातारा अरब राहतो. तो बोलत नाही. सारजाबाईंचा प्रश्न त्याच्या डोळ्यांत दिसतो आणि मी मान खाली घालतो."

मलकाबाईंनी पत्राची घडी घातली. मग सारजाबाई म्हणाल्या, "लिवा त्याला. जाऊन त्याच्या दाराशी बस म्हनावं. उत्तर न्हाय सापडलं तरी बसता येतंय."

माझ्या झाकणावर कागद ठेवून मलकाबाईंनी ते तसेच लिहिले.

पाच महिन्यांनी कार्ड आले. त्यावर दोनच ओळी होत्या. "आई, बसलो होतो. दोघेही काही बोललो नाही. उठताना त्याने उद्या ये अशी खूण केली."

मलकाबाईंनी माझी वाळवी खरवडली, मला रॉकेलने पुसले आणि ते कार्ड माझ्या तळाशी ठेवले. मित्रांनो, जुन्या पेट्या फेकण्याआधी एकदा आत पाहत जा. भाकिते खरी ठरली का, हे मला लाकडाला काय कळणार? मला एवढेच सांभाळायचे आहे, की त्या दोन ओळी तुम्हांला वाचता याव्यात.