कपाटाच्या दाराचा खुलासा

तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसावा असा माझा आग्रहही नाही, पण लिफ्टमामांनी एकदा स्वतःच्या हाताने, काळ्या शाईच्या पेनाने, ‘मी थाप मारली होती’ असं लिहून दिलं आणि खाली झोकात सही ठोकली.

मामांना ओळखणारे लोक इथेच उठून जातील. सात मजली कचेरीत छत्तीस वर्षं लिफ्ट चालवलेला हा माणूस. जाळीचं दार ओढायचं, बटण दाबायचं आणि माणूस उतरेपर्यंत संपेल अशी गोष्ट सांगायची, हा त्यांचा शिरस्ता. तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबाला तिसऱ्या मजल्याएवढी गोष्ट, सातव्यावरच्या टायपिस्टबाईंना सातव्याएवढी. एकदा म्हणे मोठ्या साहेबांनी शेवट ऐकण्यासाठी वर पोचलेली लिफ्ट पुन्हा खाली न्यायला लावली. हेही अर्थात मामांनीच सांगितलेलं.

निवृत्तीनंतर ऐकायला उरली एकटी लेक. ती शाळेत चित्रकला शिकवायची. आईच्या आजारपणात तिने आपले सगळे बेत गुंडाळून माळ्यावर टाकले होते, आणि आई गेल्यावरही ते खाली काढले नव्हते. यंदा मात्र शाळेतल्या बाया मिळून बर्फाच्या डोंगरावर स्कीइंग शिकायला निघाल्या, तेव्हा ती घरी येऊन म्हणाली, “बाबा, मी जातेय. आणि तुम्हीही येताय. तुम्ही घसरगाडीवर बसा आणि मी किती वेळा आपटते ते मोजा.”

मामांना त्या रात्री झोप लागली नाही. आता एक गुपित सांगतो. बर्फाच्या डोंगराची गोष्ट मामांनी लिफ्टमध्ये हजारदा सांगितली होती, पण फ्रीजच्या वरच्या कप्प्यातला सोडला तर बर्फ त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. हजार वेळा सांगितलेली गोष्ट एकदा तरी खरी व्हावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

पण तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली होती. छत्तीस वर्षं लोकांना वर नेणारा माणूस पिशवी घेऊन चार जिने चढला, आणि तिसऱ्या जिन्यावर छातीत कुणीतरी जाळीचं दार खाडकन ओढल्यासारखं झालं. मामा गुपचूप डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, “घाबरायचं कारण नाही. गोळी घ्या, तपासण्या करा आणि घरी सांगा.” मामांनी गोळी घेतली. पुढच्या दोन गोष्टी राहिल्या. लेकीला कळलं असतं तर तिने स्वतःचंही तिकीट रद्द करून बेत पुन्हा माळ्यावर टाकला असता. म्हणून गोळ्या चष्म्याच्या डबीत, पुसायच्या फडक्याखाली.

अशा अवस्थेत बापलेक प्रवासविमा घ्यायला गेले.

टेबलापलीकडे विमावाली मुलगी बसली होती. नोकरीला लागून नऊ दिवस झालेले. जे ऐकेल ते जसंच्या तसं टाइप करायचं, असं तिला वरून बजावलेलं. तिने तीन माहितीपत्रकं पुढे मांडली.

“हा साधा विमा. यात बर्फातले खेळ येत नाहीत. चालताना घसरलात तर खर्च मिळेल, पायात स्की असताना पडलात तर नाही.”

“म्हणजे पडायच्या आधी काढून ठेवायच्या?” मामांनी विचारलं.

“बाबा, गप्प बसा,” लेक म्हणाली. “आणि हा दुसरा?”

“यात स्की आणि घसरगाडी दोन्ही. पण आखून दिलेल्या उतारावरच. पाय मोडला तर खाली आणण्याचा खर्च, भाड्याचं सामान तुटलं तर त्याचा खर्च. तिसऱ्यात हे सगळं, शिवाय हेलिकॉप्टर, आणि आधीपासून असलेल्या आजाराचे उपचारही. फक्त आजार सांगितलेला हवा. सांगितलेला आम्ही पोटात घालतो. लपवलेला निघाला तर सगळंच हातचं जातं.”

मामांनी चष्म्याची डबी खिशात जरा खोल ढकलली.

“आम्हाला दुसरा पुरे,” लेक म्हणाली. “आजारबिजार काही नाही. यांची फक्त जीभ आजारी आहे.”

मुलीने फॉर्म उघडला. “काका, याआधी कधी बर्फावर खेळला आहात?”

असा प्रश्न मामांना विचारणं म्हणजे वाळक्या गवताला काडी दाखवणं. लेकीने कपाळावर हात मारेपर्यंत मामा डोंगरावर पोचलेसुद्धा.

“पोरी, बावीस वर्षांचा होतो. स्की कुठली मिळायला! शिसवी कपाटाचं दार काढलं, त्यावर उभा राहिलो, काखेत एक शेळी. शेळी कशाला म्हणशील, तर तोल सांभाळायला. असा सुटलो की माझी सावली मागे राहिली, संध्याकाळी घरी आली! शेवटच्या वळणावर शेळीला आली शिंक, दार गेलं डावीकडे, मी उजवीकडे. डाव्या गुडघ्याची वाटी निखळली ती आजतागायत सापडलेली नाही.”

मुलगी टकटक टाइप करत होती. मग थांबून तिने वाचून दाखवलं, “पूर्वीची दुखापत, डावा गुडघा. वाटी नाही. कारण, कपाटाचं दार. बरोबर ना?”

लेकीने आ वासला. संगणकाने मात्र गोष्ट मुकाट्याने गिळली आणि हाडांच्या डॉक्टरांचा दाखला मागितला. दाखल्याशिवाय पुढचं पान उघडेना.

“अहो, खोडून टाका ते,” लेक म्हणाली. “हे असंच बोलतात.”

“मॅडम, एकदा भरलेलं मला खोडता येत नाही. काकांनी लेखी खुलासा द्यायला हवा.” तिने कोरा कागद पुढे सरकवला.

छत्तीस वर्षांत साहेब, शिपाई, शेजारी, सख्खी बायको, कुणालाही जे जमलं नाही ते त्या नऊ दिवसांच्या पोरीने करून दाखवलं. मामांनी लिहिलं: ‘मी थाप मारली होती. माझा गुडघा जागेवर आहे. शेळी नव्हती.’ थोडं थांबून खाली जोडलं, ‘डोंगरही नव्हता.’

लेक हसली. टेबलावर डोकं टेकून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आई गेल्यानंतर ती अशी हसलेली मामांनी पाहिली नव्हती. ते बघतच राहिले. मनात म्हणाले, हिला डोंगरावर न्यायचंच. आता काहीही झालं तरी हिचा बेत मोडायचा नाही.

कागद फाइलला लागला. पुढचं पान उघडलं.

“शेवटचा प्रश्न, काका. गेल्या दोन वर्षांत छातीत दुखणं, धाप लागणं, नवीन औषध सुरू होणं, असं काही?”

“नाही,” मामा म्हणाले.

मुलीने ‘नाही’वर बोट नेलं.

“थांबा,” लेक म्हणाली.

तिचं हसू अजून गालांवर ओलं होतं, पण ती आता बापाकडे बघत होती. नुसती बघत होती. मामांनी छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, मग उगाच तिसऱ्या माहितीपत्रकाची घडी नीट करू लागले.

“काका म्हणाले ना, नाही,” मुलगी म्हणाली.

“तेच तर. तुम्ही यांना ओळखत नाही. यांना कुणी वेळ विचारली तरी घड्याळाच्या पणजोबापासून सुरुवात होते. साधी शिंक आली तर तिची गोष्ट दुसऱ्या मजल्यापर्यंत पुरते. आणि छातीचं विचारलं तर एकच शब्द?” तिने खुर्ची ओढली आणि मामांच्या हातातलं माहितीपत्रक काढून घेतलं. त्यांचा हात मात्र सोडला नाही.

“खोटं बोलताय, बाबा. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलताय. तिसराच विमा घेऊ, दोघंही जाऊ, मी काही रद्दबिद्द करत नाही. पण कधी दुखलं ते सांगा. पहिल्यापासून, सातव्या मजल्यापर्यंत.”