मी, उंदरातला तोच तोच मजकूर

मी एक जुना, तोच तोच मजकूर आहे. हसू नका मित्रांनो! प्राण्यांच्या पेशीपेशीत डीएनए नावाची लांबलचक पोथी असते. उंदराच्या पोथीत दीडशेएक अक्षरांचा एकच मजकूर लाखो ठिकाणी पुन्हा पुन्हा येतो. तो मी.

माझा जन्म सहा-सात कोटी वर्षांपूर्वीचा, उंदीर-खारींच्या पूर्वजांच्या अंगातला. एका कामसू जनुकाचा मी मोडका तुकडा. काम काही येईना, पण स्वतःची नक्कल काढून पोथीत कुठेही घुसायचं, हे मात्र झकास जमलं. एकदा घुसलो की सहसा हलत नाही. उंदरांची घराणी फुटली, कोणी शेतात गेलं, कोणी तुमच्या धान्याच्या डब्यात. मी सगळ्यांबरोबर गेलो. आणि शास्त्रज्ञांनी माझं नाव काय ठेवलं? कचरा! एवढ्या म्हाताऱ्याला कचरा!

नाशिकची संपदाही त्यातलीच. ती उंदरांच्या वंशावळीवर पीएचडी करते. सुरगाण्याच्या गेणूने तिला नागलीच्या शेतातला एक राठ केसांचा उंदीर पकडून दिला होता. तो घरउंदराच्या जवळचा की वणीच्या शेतउंदराच्या, एवढंच ठरवायचं होतं. पण दर वेळी वेगळंच उत्तर येई. उद्या सकाळी अकराला तिच्या मार्गदर्शक सरांना सांगायचं, नाहीतर दोन वर्षांचं काम बंद. आणि या बाईंनी पहिल्याच दिवशी, रीत म्हणून, माझ्या अक्षरांवर काळं फासलेलं! मी लॅपटॉपवर तिच्या नाकासमोर होतो हो, पण बोलणार कसा?

संध्याकाळी तिचे बाबा वेणीमाधव रामकुंडावरून आले. यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नामावळी सांभाळणारे हे उपाध्ये. चहा पिता पिता ते स्क्रीनकडे वाकले.

"हे काळं कशाला केलंस गं?"

"तोच तोच मजकूर आहे बाबा. बिनकामाचा."

"अगं वेडाबाई! आपल्या पणजोबांनी नामावळीत डुलकी घेत एक नाव दोनदा लिहिलंय. चुलत घरातल्या वहीतही नेमकं तिथेच ते दोनदा आहे. म्हणजे ती आपल्या वहीवरून उतरवलेली. तिसऱ्या घरच्या वहीत एकदाच आहे. त्यांनी डुलकीच्या आधीच उतरवून घेतलं. आम्ही चूक खोडत नाही बाई, तिच्यावरून तर घराणं कळतं."

संपदाने कप खाली ठेवला. मग तिने पटापट काळं पुसलं. आहाहा, काय मोकळं वाटलं!

सुरगाण्याच्या उंदरात आणि वणीच्या शेतउंदरात मी एकाच जागी बसलेला सापडलो. घरउंदरात ती जागा कोरी! अशा अकरा जागा निघाल्या. उंदीर शेतउंदराच्या घराण्यातला ठरला.

"बाबा, वाचवलंत मला!" ती ओरडली. बाबांनी वाचवलं, म्हणे! आणि मी काय करत होतो?

सरांनी दुसऱ्या दिवशी मान डोलावली. प्रबंधात तिने आभार मानले बाबांचे, गेणूचे आणि डुलकी घेणाऱ्या पणजोबांचे. माझं नाव नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. काहीही कचरा म्हणून पुसण्याआधी एकदा नीट वाचा. आणि हो, मला हसताना जरा जपून. त्याच कामसू जनुकातून निघालेली माझी दहा लाखांवर चुलत भावंडं तुमच्याच अंगातल्या पोथीत बसली आहेत.