अबू घालिबची तहान

अबू घालिबने दल्ला उलटा धरला आणि एक डोळा मिटून आत पाहिलं. त्या पितळी कॉफीदाणीत थेंबसुद्धा नव्हता.

"मैसून, पोरी, यात काहीच नाही."

"नाहीच आहे, काका. गेल्या वर्षी नाटकात खरी कॉफी ठेवली, ती शेखसाहेबांच्या गालिच्यावर सांडली. यंदा रिकाम्या कपानेच प्यायचं. आणि प्यायल्यावर कप हलवायला विसरू नका. नाही हलवला तर आणखी हवी असा अर्थ होतो."

"रिकाम्या कपाला पुरे म्हणायचं? वा! माझ्या तहानेचा गावाने चांगलाच बंदोबस्त केला."

विंगेतल्या बायका फिसकन हसल्या. अबू घालिब स्वतःही हसला. नऊ वर्षं गाव त्याला 'तहानलेला' म्हणत होतं, आणि त्याने ते नाव कधी झटकलं नव्हतं.

चार हातांवर मैसूनचा बाप अबू नायफ खांद्यावरचा झगा सारखा करत उभा होता. त्याने मान न वळवता मुलीला सांगितलं,

"त्याला सांग, माझं वाक्य संपेपर्यंत गप्प राहायचं. घाई करायची जुनी खोड आहे त्याला."

"त्या साहेबांना सांग," अबू घालिब छताकडे बघत म्हणाला, "वाक्य जरा लवकर संपवा. माणसं म्हातारी होतायत."

एकेकाळी एका ताटात जेवणारी ही दोन माणसं! नऊ वर्षांपूर्वी मैसूनला मागणी घालायला पलीकडच्या गावाची जाहा आली होती. चांगले शंभर पुरुष, आणि त्यांचा म्होरक्या अबू घालिब, कारण त्याचा दोन्ही घरांशी घरोबा. रीत अजलूनच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्होरक्यापुढे कॉफी ठेवतात, पण तो कपाला हात लावत नाही. आधी मागणं मांडतो. मुलीचा बाप 'प्या कॉफी' म्हणाला की सोयरीक झाली. आधीच प्यायला, तर मागायचं काही नाही असं समजायचं. त्या दिवशी अबू घालिबने बसल्या बसल्या कप उचलला आणि एका घोटात रिकामा केला. मुलाकडचे ताडकन उठले, शब्दाने शब्द वाढला, लग्न तिथल्या तिथे मोडलं. का प्यायलास, असं ज्याने त्याने विचारलं. त्याचं उत्तर एकच, "तहान लागली होती." भर बैठकीत अबू नायफचं हसं झालं आणि तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता.

आता शाळेच्या पटांगणात पाच गावांचा नाट्यमहोत्सव होता. प्रत्येक गावाने आपल्या मातीतलं नवंकोरं नाटक आणायचं. मैसून त्याच शाळेत भूमिती शिकवायची. नाटक तिने लिहिलं, तिनेच बसवलं, नवरीही तीच झाली. नाटकात जाहा होती, आणि जाहाचं जुनं वळणदार बोलणं येणारी माणसं गावात दोनच उरली होती. तिने महिनाभर दोघांच्या नाकदुऱ्या काढल्या. शेवटी दोघांनी एकच अट घातली: नाटकाबाहेर एकमेकांशी एक शब्द बोलणार नाही.

शेवटचं पान मात्र तिने कुणालाच दिलं नव्हतं. "शेवटी दब्के नाचायचाय, त्यात बोलायचं काय?" असं म्हणून ती वेळ मारून न्यायची. ते पान आता तिच्या बाहीत होतं आणि घामाने ओलं झालं होतं.

पडदा सरकला. अबू घालिब मंचावर आला तसा पुढच्या रांगेतून आवाज आला,

"घरून पाणी पिऊन आलास ना रे?"

पटांगण खदखदून हसलं. अबू घालिब ऐटीत गालिच्यावर बसला. त्याच्यापुढे रिकामा कप ठेवला गेला. त्याने हात मागे घेतला आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. अबू नायफने आपलं लांबलचक स्वागत म्हटलं, एकही शब्द न चुकता, आणि विचारलं,

"पाहुणे, काय इच्छा धरून आलात?"

अबू घालिबने घसा साफ केला. तेवढ्यात मागच्या खोट्या भिंतीतली खिडकी उघडली आणि मैसून म्हणाली,

"काका, ती कॉफी पिऊन टाका."

पुन्हा हशा पिकला. अबू घालिबचा चेहरा मात्र पडला. हे वाक्य त्याने आयुष्यात एकदाच ऐकलं होतं, अबू नायफच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून.

"पोरी, हे नाटकात नाही," तो कुजबुजला. छातीवरच्या माईकने ती कुजबुज पाचही गावांना ऐकवली.

"आहे. शेवटच्या पानावर आहे." तिने बाहीतला कागद काढला, पण उघडला नाही. "बाबांनी शब्द दिला होता, आणि मला ते लग्न नको होतं. बाबांना सांगायची छाती झाली नाही, म्हणून काकांना सांगितलं. काका म्हणाले, मुलीने नाही म्हटलं तर बोल मुलीला लागतो. म्हाताऱ्याला तहान लागली तर लोक हसतात आणि घरी जातात. मला शपथ घातली होती त्यांनी. नऊ वर्षं पाळली, आज मोडते."

भाजलेल्या बिया फोडत बसलेली तोंडंसुद्धा थांबली. अबू नायफ जागचा हलला नाही. मैसूनला वाटलं, आता बाबा झगा फेकून उतरणार. म्हणजे नाटक गेलं, आणि बापही गेला. तिने खिडकीची चौकट घट्ट धरली.

अबू नायफ यजमानाची जागा सोडून खाली आला. अबू घालिबसमोर गुडघे मोडून बसला. तबकातला एक कप उचलून त्याने स्वतःपुढे ठेवला आणि हात मागे घेतला.

"या अल्लाह," पुढच्या रांगेतली एक म्हातारी पुटपुटली. यजमान मागायला बसला होता.

"मैसून, याला सांग..." अबू घालिबने सवयीने तोंड उघडलं आणि अर्ध्यावरच मिटलं. दाढी खाजवली. मग समोर बघून म्हणाला, "काय मागतोस?"

"ती नऊ वर्षं. वाया घालवली मी."

"ती माझ्याकडे नाहीत. पुढची आहेत थोडीफार. ती घे. पी कॉफी."

अबू नायफने रिकामा कप एका घोटात संपवला. बायकांनी असा काही आनंदाचा गलका केला की शेजारच्या बागेतली कबुतरं उडाली. खिडकीत मैसून रडत होती आणि हसतही होती. दब्केवाले विंगेतून खुणा करत होते, आता येऊ का?

अबू नायफने कप हलवला नाही. तसाच पुढे धरला.

अबू घालिबने रिकामा दल्ला उचलला आणि रीतीप्रमाणे तळ झाकेल एवढीच ओतली.

"नीट धर," तो म्हणाला, "शेखसाहेबांचा गालिचा आहे."