पिवळा ठिपका

सोलापूरच्या कॉल सेंटरात दिपालीनं कळ दाबली आणि पडद्याच्या कोपऱ्यातला लाल ठिपका पिवळा झाला. रेकॉर्डिंग थांबलं.

"हं, आता कार्डाचा नंबर सांगा, मॅडम."

वैरागहून अंकिता नावाची बाई बोलत होती. पाणी शुद्ध करायच्या यंत्राची सर्व्हिस तिला फोनवरच बुक करायची होती. तिनं चार आकडे सांगितले आणि मागं दार आदळून पुरुषाचा आवाज आला.

"कुणाला इचारून काढलंस कार्ड?"

"अवो, पाणी गढूळ येतंय म्हून..."

पहिल्या फटक्याला फोन तिच्या हातातून पडला, पण बंद झाला नाही. भांडी कोसळली. मग काहीतरी जड वस्तू हाडावर बसल्याचा आवाज आला. दिपालीनं तो आयुष्यात कधी ऐकला नव्हता, तरी कशाचा आहे ते तिला लगेच कळलं. "नगा वो, नगा वो," म्हणता म्हणता बाईचे शब्द संपले, नुसतं ओरडणं राहिलं. पुढं तेही थांबलं. फटके मात्र थांबले नाहीत.

"मॅडम? मॅडम?" दिपाली एवढंच म्हणत राहिली. कार्डाचा एक आकडा जरी रेकॉर्ड झाला तरी नोकरी जाते, हे ट्रेनिंगमध्ये रोज घोटून घेतलेलं. नंबर पुरा व्हायचा होता, म्हणून बोट कळीवर तसंच थिजलं. पुन्हा एकदा दाबलं असतं तर ठिपका लाल झाला असता. हे तिला सुचलं ते कॉल तुटल्यावर. पत्ता समोर होता, तिनं पोलिसांच्या एकशे बारा नंबरला कळवलं. तेवढं तरी केलं.

दोन-तीन दिवसांनी हवालदार आले, सोबत होटगीची केराबाई, अंकिताची आई. टीम लीडर गुरुशांतनं त्यांना काचेच्या खोलीत बसवून रेकॉर्डिंग लावलं. 'आपला कॉल सुरक्षेसाठी रेकॉर्ड केला जात आहे,' असं गोड आवाजात झालं, अंकिताचं नाव झालं, पत्ता झाला, आणि सगळं गप्प.

"फुडं?" केराबाईनं विचारलं.

"पुढं नाही, मावशी. कार्डाच्या वेळी बंद ठेवावं लागतं."

"माजी लेक वरडली न्हाय व्हय?"

गुरुशांत रेकॉर्डिंग बंद करायला वळला.

"ओरडली," दारात उभी दिपाली म्हणाली. "मी ऐकलंय."

"तुम्ही ऐकलंय म्हणाल, तिचा नवरा नाही म्हणेल," हवालदार उठत म्हणाले. "जोतिराम म्हणतो, बायको जिन्यावरून पडली. बाई अजून शुद्धीवर नाही."

"आन् सुदीवर आली की त्योच घरला नेनार तिला," केराबाई म्हणाली. "पुन्यांदा जित्ती घावायची न्हाय."

ती गेल्यावर गुरुशांतनं दिपालीला बाजूला घेतलं. "त्या कॉलला तपासणीत तुला शंभरपैकी शंभर मिळालेत. नियम पाळलास. आता उगाच साक्षीच्या भानगडीत पडू नको."

दिपालीला स्वतःच्या बोटाची किळस आली. जेवताना तिनं ते बोट घासाला लागू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच नंबर पडद्यावर आला. एका ग्राहकाचा फोन शक्यतो एकाच मुलीकडं जावा, अशी कंपनीची पद्धत होती. गोड आवाजातली सूचना संपेपर्यंत पलीकडचा माणूस नुसता श्वास घेत होता.

"हे बी रेकॉर्ड हुतंय व्हय?"

आवाज तिनं ओळखला.

"हो, सर."

"आदी बंद कर. मंग बोलतो."

दिपालीनं कळीवर बोट ठेवलं. मग हात उचलला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"थांबवलं, सर. बोला."

ठिपका लाल होता.

"म्हातारी सासू म्हनती, माजा आवाज तुमी धरून ठिवलाय. त्या दिवसाचं किती हाय तुमच्याकडं?"

"शोधावं लागेल, सर. त्या दिवशी नक्की काय झालं होतं, ते सांगाल का?"

"काय व्हायचंय? बायको हाय माजी, हानली. जे हाताला घावलं त्यानं हानली. ते समदं पुसून टाक. न्हाय पुसलंस तर सोलापूर काय लई लांब न्हाय. तितं येऊन तुजं बी थोबाड तसंच फोडीन."

दिपालीनं खुर्ची टेबलाजवळ ओढली. भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा राग जास्त होता. ग्राहकाशी बोलायचा आवाज तिनं घशात नीट बसवून घेतला.

"माफ करा सर, आवाज तुटतोय. कशानं मारलं म्हणालात?"

"वरवंट्यानं," जोतिराम ओरडला. "वरवंट्यानं. आलं का ऐकू?"

"आलं, सर," दिपाली म्हणाली.