मोहोळाखाली अंथरलेली घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. काळी आहे आणि टोचरी आहे, हे आधीच सांगून टाकते. मऊ दुलईची गोष्ट ऐकायची असेल, तर दुसऱ्या कुणाला तरी गाठा.

माझा जन्मच मारझोडीत झाला. माणदेशातल्या मेंढ्यांना आडवं पाडून त्यांची लोकर कातरली. ती पिंजून पिंजून तिचा भुगा केला, सूत काढलं आणि मागावर ठोकून ठोकून मला विणलं. वर चिंचोक्याची खळ फासून मला उन्हात ताणलं. तेव्हा कुठे मी थंडीवाऱ्याला भीक न घालणारी झाले. सुभद्राबाईंनी मला आवडीने घेतलं. शेताच्या राखणीला त्या मला पांघरून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझी ऊब मोठ्या तोऱ्यात सांगत.

पुढे त्यांचा मुलगा अनंत चाकणच्या एका कंपनीत लागला. त्याने पुनावळ्याला घर घेतलं आणि आईबरोबर मलाही आणलं. तिथे माझे दिवस फिरले. मी म्हणे टोचते, मला वास येतो. सून पद्मा शाळेत शिकवायची. तिने मला कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर टाकलं. सासूसुनेत दोन वाक्यं सरळ होत नसत, त्यामुळे मला खाली काढायची गोष्टही कुणी काढली नाही. मला फार वाईट वाटायचं.

पण डिसेंबरची थंडी पडली आणि अनंतने ठरवलं, की रविवारी डोंगरावर जायचं, चुलीवर भरीत करायचं. खाली अंथरायला जाडंभरडं काहीतरी हवं म्हणून माझी आठवण झाली. त्या सकाळी मी किती वर्षांनी मोकळा वारा प्यायले! गवत पिवळंधमक झालं होतं आणि त्यावर दव होतं. ज्वारीवर भोरड्यांचे थवे उतरत होते. दूर खाली कंपन्यांची निळी छपरं धुक्यात बुडाली होती. एका जुन्या वडाखाली मला अंथरलं. सुभद्राबाई गुडघे चोळत माझ्यावर बसल्या, नात अबोली त्यांच्या मांडीवर लवंडली. पद्मासुद्धा हसत होती.

वर कुणी बघितलं नाही. वडाच्या उंच फांदीला आग्या माशांचं मोहोळ लटकत होतं, परातीपेक्षा मोठं. अनंतने चूल मांडली ती नेमकी त्याच्या खाली. लाकडं दवाने ओली होती. ती पेटेनात, म्हणून त्याने पालापाचोळा कोंबला आणि धुराचा लोट थेट वर गेला. आपलं घर जळतंय, असंच त्या माशांना वाटलं असणार. मला त्यांचा आजही राग येत नाही.

आधी घोंघाट झाला. मग त्या कोसळल्या. अनंतने टॉवेल फिरवला, तशा त्या जास्तच पिसाळल्या. कानात, पापण्यांवर, केसांत घुसून त्या डसू लागल्या. अबोली किंचाळत सुटली. अनंत कंपनीत सुरक्षेचं काम बघायचा. आग लागली की सगळं टाकून पळायचं, मागे वळायचं नाही, मोकळ्या जागी जमायचं आणि मग माणसं मोजायची, हे तो दर महिन्याला कामगारांकडून घोटून घ्यायचा. तो तसाच ओरडला, “गाडीकडे पळा!” आणि अबोलीला उचलून पळत सुटला. पद्माही मागोमाग धावली.

सुभद्राबाईंना धड उठताही आलं नाही. त्यांचा चेहरा माशांनी काळा झाला. त्यांची बोटं माझ्यात रुतली, पण मी स्वतःहून कशी उठणार?

अर्ध्या वाटेवरून पद्मा परत आली. तिने सासूला बाजूला लोटलं, मला खालून ओढून काढलं, त्यांच्यावर टाकलं आणि स्वतः त्यांच्या अंगावर पडून मला दोघींवर ओढून घेतलं.

सुभद्राबाई कण्हत म्हणाल्या, “पद्मे, तू जा. पोरगी तिकडं हाय.”

“तिच्याजवळ तिचे बाबा आहेत. बोलू नका आई, तोंड मातीकडे करा.”

माशा माझ्यावर तुटून पडल्या. एकेक नांगी माझ्या लोकरीत रुतत होती आणि नांगी तुटलेली माशी तिथेच मरत होती. मी एकीलाही आत सोडलं नाही. पण मी दोघींना पुरले नाही. पद्माचे पाय गुडघ्यापासून बाहेर राहिले आणि माशांनी त्यांची चाळण केली. ती थरथरत होती, तरी तिने पाय झाडले नाहीत. इतकी असहाय मी स्वतःला कधी वाटले नव्हते.

गाडीत काय झालं, ते मला नंतर घरातल्या बोलण्यातून कळलं. काच वर करून अनंतने माणसं मोजली. “अबोली आहे, मी आहे, पद्मा कुठंय?” आणि मग त्याला आई आठवली. खालच्या वस्तीतली माणसं माशांना हाकलायला पेटत्या गवताच्या पेंढ्या घेऊन आली, तेव्हा त्यांच्यापुढे तो वेड्यासारखा धावत होता. तोवर पद्माची शुद्ध हरपली होती.

ती वाचली. पण दवाखान्यात तिचा श्वास दोनदा अडकला आणि पायांची सूज उतरायला संक्रांत उजाडली. सुभद्राबाई सज्ज्यातल्या उन्हात मला मांडीवर घेऊन चिमट्याने एकेक नांगी उपटत बसायच्या. शेजारी पद्मा पाय लांब करून बसायची आणि तिच्या पायांना तेल त्याच लावायच्या. एकदा अनंत बाहेर आला. नवं ब्लँकेट आणतो, ही टाकून देऊ, म्हणाला. मग म्हणाला, की आई, पोरीला घेऊन पळताना मला काही सुचलंच नाही.

सुभद्राबाईंनी मान वर केली नाही. “पोरीला घिऊन पळालास, त्ये बरंच केलंस. पन मोजताना मला शेवटी मोजलंस.”

अनंत तिथेच खाली बसला.

मित्रांनो, थंडीत डोंगरावर जरूर जा. ते ऊन, ते दव घरात मिळत नाही. पण चूल पेटवण्याआधी वर बघा, फांदीवर कुणाचं तरी घर असतं. आणि पळायची वेळ आलीच, तर मोजायला सुरुवात सगळ्यांत हळू चालणाऱ्यापासून करा.