हॉर्नच्या आवाजावर

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे. माझा वेगाचा काटा कित्येक वर्षे शून्यावर अडकलेला आहे, त्यामुळे उतारावर माझी कोणालाच भीती वाटत नाही.

माझा जन्म समुद्राकाठच्या कारखान्यात झाला. तिथे हवा भरपूर होती. मग मी बोलिव्हियात, पोतोसीच्या डोंगरांत आले. इथे हवा नावालाच आहे. पहिल्याच चढावर मला धाप लागली, तेव्हा माझा मालक देल्फीन याने, इथली माणसे धाप लागू नये म्हणून चघळतात ती कोकाची चार पाने माझ्या टाकीवर ठेवली. "चघळ," तो म्हणाला. मला तोंड नाही, हे त्याला सांगणार कसे?

दर रविवारी बायकोला, सातुर्निनाला, मागे बसवून तो मला आडवाटांनी कथलाच्या बंद खाणींकडे पिटाळायचा. प्रत्येक खाणीत जमिनीखालचा धनी तिओ बसलेला असतो. मातीचे अंग, डोक्यावर शिंगे, ओठांत सिगारेट. खाण बंद पडली की त्याला सिगारेट द्यायला कोणी उरत नाही. देल्फीनला त्याचे फार वाईट वाटे, म्हणून तो आत जाऊन त्याला सिगारेट देऊन यायचा.

बाई आत गेली तर धातूची शीर पळून जाते, असे इथे मानतात. म्हणून सातुर्निना बाहेर माझ्यावर बसून अधूनमधून हॉर्न वाजवायची. त्या आवाजावर देल्फीन परतीची वाट ओळखायचा. माझा आवाज इथल्या लोकरवाल्या लामा जनावराला सर्दी झाल्यासारखा आहे. मला त्याचा अभिमान आहे.

एका रविवारी त्याच्याजवळ एकच सिगारेट उरली. ती त्याने माझ्या दिव्याच्या खोबणीत खोचली.

"अरे, ती तिओची आहे!"

"आणि ही कोण, परकी? चढ कोणी चढला, तिओनं?"

"तो रुसेल हं."

"तूही रुसतेस. जेवायच्या वेळी बोलतेसच की!"

ती हसली. तो आत गेला.

थोड्या वेळाने डोंगराच्या पोटात धप्प झाले आणि खाणीच्या तोंडातून धूळ आली. सातुर्निनाने हॉर्न दाबला. दाबतच राहिली. माझा आवाज डासाएवढा झाला, मग बॅटरी संपली. गावकऱ्यांनी बरेच दिवस दगड उपसले. देल्फीन सापडला नाही. शेवटी ते टोप्या काढून उभे राहिले.

त्यानंतर मी अंगणात उभी होते. कोंबडीने माझ्या सीटवर संसार मांडला. दीर मला मागायला आला.

"उभ्या उभ्या गंजतेय, वहिनी."

"गंजू दे. ती त्याची वाट बघतेय."

मी खरोखरच बघत होते.

यंदा कार्निव्हलच्या मंगळवारी, गाड्या पुजायच्या दिवशी, सगळे आपापल्या गाड्यांना कागदी माळा घालत होते. सातुर्निनाने कोंबडीला उठवले, मला किक मारली आणि एकटीच त्या खाणीकडे निघाली. बॅटरीशिवाय मी चालते. माझा हॉर्न चालत नाही.

तिओ कोसळलेल्या भागाच्या अलीकडेच बसलेला आहे. तिने खोबणीतली ती सादळलेली सिगारेट काढली.

"शीर पळते म्हणतात. पळू दे. माझं काय राहिलंय आता?"

आणि ती आत गेली. माझ्यावर कोणीच बसलेले नव्हते. ती अंधारात चाचपडत असेल, हे मला कळत होते. सूर्य कलल्यावर ती बाहेर आली. गुडघे सोललेले, हात रिकामा.

ती माझ्यावर बसली आणि सवयीने हॉर्न दाबला. आवाज आला नाही. तिने पुन्हा दाबला.

मित्रांनो, मला रंग नको, नवी सीट नको. आपल्या गाडीची बॅटरी तेवढी भरलेली ठेवा. आणि एखाद्या डोंगरात गाडी एकटीच उभी दिसली, तर तिचा हॉर्न वाजवा. आत कोणीतरी वाट शोधत असेल. वाजेल तोवर वाजवा.